वामन, तो अर्ज मी केला होता

वामन्या,

तुला जाऊन सतरा दिवस झाले. मध्ये शोकसभाही उरकली. कुठं, तर ग्रामपंचायतीच्या सभागृहात! ज्या इमारतीत तू उभ्या जन्मात पाऊल टाकलं नाहीस, तिथं तुझा फोटो खुर्चीवर ठेवून त्याला हार घातला आणि चार जणांनी तुला विचारवंत करून टाकलं. सुलभावहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मला हसूही येत होतं आणि भडभडूनही येत होतं. मलाही बोलायला उभं केलं. वकील ना मी, उभं केलं की बोलतो. पंधरा मिनिटं बोललो, लोकांनी डोळे पुसले, आणि जे बोलायला हवं होतं त्यातला एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

तो आता काढतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं शेपूट घालायला जागा राहणार नाही. बावखलाचा तो अर्ज बाळूनं केला नव्हता. मी केला होता.

हे छापायला देणार आहे, त्यामुळे तुला पाठ असलेलं पुन्हा सांगावं लागेल. वैतागू नकोस. ‘वकिला, मुद्द्यावर ये,’ म्हणणारं आता कोणी नाही, तर जरा पाल्हाळ लावून घेतो.

वसईजवळ, नंदाखाल गावाच्या बाजूला तुझी वाडी. पाच बागा आणि मधोमध एक बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खणलेलं तळं. पावसात भरतं आणि त्याच्या भरवशावर केळी, पानवेली, भाजी सगळं वैशाखअखेरपर्यंत तगतं. एक बाग तुझी, एक तुझ्या चुलतभावाची, बाळूची, एक इनासकाकांची, आणखी दोघांच्या. बावखल कोणाचं? कोणाचंच नाही. कोणाच्या पणज्यानं खणलं हेही कोणाला ठाऊक नाही. पाणी पाळीनं. दुपारी देवळाची घंटा वाजली की एकाचं इंजिन बंद आणि दुसऱ्याचं चालू, संध्याकाळी वाजली की तेही बंद. देऊळ म्हणजे चर्च. आपल्याकडे तेही देऊळच. तुझ्यासारख्या नास्तिकाची केळी फादरांच्या घंटेवर पाणी पितात यावरून मी तुझी किती टर उडवली असेल!

आणि पाण्याची चोरी झाली तर? उन्हाळ्यात व्हायचीच. पाणी तळाला गेलं, केळीनं माना टाकल्या, की भल्याभल्यांची नियत फिरते. मग वाडीची रीत अशी, की ज्यानं पाळीबाहेर पाणी ओढलं त्यानं दुपारच्या घंटेला बावखलाच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, ‘पाणी माझ्याकडून गेलं.’ एवढंच. कारणं द्यायची नाहीत. त्याची पुढची एक पाळी जायची आणि त्यानंतर कोणी त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. मुख्य म्हणजे पकडायला कोणी जायचं नाही. नुसती वाट बघायची. मी स्वतः इनासकाकांना एकदा उभं राहिलेलं पाहिलंय. सहा फुटी माणूस, शाळकरी पोरासारखा दोन्ही हात मागं बांधून.

तुझा सगळा अराजकवाद त्या पायरीवर उभा होता. पुस्तकं नंतर आली. रद्दीवाल्याकडून आणलेली ती पिवळी पडलेली, पानं सुटलेली पुस्तकं तू दोऱ्यानं शिवून ठेवायचास आणि मला बजावायचास, ‘हे शहाणे लोक मोठं लिहून गेले, पण यांच्यातल्या एकालाही पाण्याची पाळी लावता आली नसती.’ लोक तुला विचारायचे, अराजक म्हणजे दंगल ना हो? तू म्हणायचास, ‘मग आमच्या बावखलावर इतकी वर्षं दंगलच चाललीय.’

दर रविवारी सकाळी मी वसईहून सायकल मारत यायचो, पुढं स्कूटर आली, आणि तुझ्या ओट्यावर आपलं जुंपायचं. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, ‘हळू भांडा, तुमच्या पायी कोंबड्या अंड्यावर बसेनात.’

‘माणूस मुळात आपमतलबी,’ मी म्हणायचो. ‘कायदा काढून घे, उद्या एकमेकांचे गळे धरतील.’

‘आज तुझ्या कोर्टात काय धरतात?’

‘तिथं निदान नियमानं धरतात.’

‘बरं, माणूस वाईट. कबूल. मग त्याच वाईट माणसांतला एक उचलायचा, त्याला टोपी घालायची, हातात काठी द्यायची, आणि म्हणायचं आता आपण सुखरूप! वकिला, अरे जरा डोकं चालव.’

मी चिडायचो. सांडोरच्या दोन भावांचं बांधावरच्या नारळाचं प्रकरण माझ्याकडे होतं, आठवतं? अकरा वर्षं चाललं. ते तू मला सारखं टोचायचास. ‘भांडण त्या दोघांचं होतं. कोर्टात गेलं की ते तुझं झालं, जज्जाचं झालं, कारकुनाचं झालं. ज्यांचं होतं ते दोघं बाहेर वेगवेगळ्या बाकांवर बसून शेंगदाणे खातायत. तू भांडण मिटवलं नाहीस, त्यांच्याकडून काढून घेतलंस.’ मी म्हणालो, त्यांनी एकमेकांचं डोकं फोडलं असतं. ‘फोडलं असतं, आणि आठ दिवसांनी त्याच डोक्यावर पट्टी बांधली असती,’ तू म्हणालास. भाबडा होतास रे. डोकी फुटल्यावर पट्टी बांधायला न आलेले भाऊ मी पाहिलेत.

पण तुला भाबडा म्हटलं की तू खवळायचास. ‘माणूस चांगला आहे असं मी कधी म्हटलं? माणसाला ओळखीच्या माणसाची लाज वाटते, एवढंच मी म्हणतो. त्या लाजेवर गाव चालतं. सरकार आलं की लाज जाते आणि भीती येते. आणि भ्यालेला माणूस पळवाट शोधत तुझ्याकडे येतो.’ हे वाक्य मला तेव्हाही आवडलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू चढून बसला असतास.

आणीबाणीत तू पिशवी भरून दाराशी ठेवली होतीस. दोन लेंगे, टॉवेल, शिवलेलं एक पुस्तक. आज येतील, उद्या येतील. शेवटी एक हवालदार आला खरा, पण वेलची केळी घ्यायला. तू त्याला विचारलंस, ‘यादीत माझं नाव नाही का?’ तो बिचारा म्हणाला, ‘कसली यादी, दादा?’ महिनाभर तुझा चेहरा पडलेला होता. वहिनींनी ती पिशवी रिकामी करून तिच्यात कांदे भरले. नंतर निवडणूक आली. रविवारी मी पाहिलं तर तुझ्या बोटावर काळा डाग. मी हरखून म्हटलं, ‘मत दिलंस?’ तू हात मागं घेत म्हणालास, ‘हॅट्, केळीचा चीक आहे.’ आणि पुढच्या रविवारी, मी स्कूटर स्टँडला लावायच्या आत, फाटकाशी येऊन म्हणालास, ‘मत दिलं मी. खोटं बोललो. आता त्यावर चकार शब्द नको.’ एवढीशी गोष्ट तुला आठ दिवस पोटात ठेवता आली नाही. आणि मी दोन वर्षं ठेवली.

गोखिवऱ्याकडे गाळे उठायला लागले, स्टेशनच्या बाजूला इमारती उभ्या राहिल्या आणि बांधकामाला पाणी हवं म्हणून टँकर वाड्यावाड्यांतून हिंडायला लागले, तेव्हाची गोष्ट. रोज कोर्टात बसणाऱ्या माणसाला जे दिसतं ते मला दिसत होतं. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे काहीच नाही. मी तुला म्हटलं, बावखलाची नोंद करून घेऊ, पाच जणांचा वहिवाटीचा हक्क लावून घेऊ. तू ऐकूनच घेईनास.

‘लिहिलं की ते कोणाचं तरी होतं. कोणाचंच नाही म्हणून तर पाचांना पुरतंय.’

‘आणि उद्या कोणी उठून माझं म्हणाला तर?’

‘तर आपण पाच जण आहोत की.’

पाच जण! मला हसू आलं. आणि रागही आला. म्हणून एका दुपारी, तुला न विचारता, कोणालाच न विचारता, मी कचेरीत जाऊन अर्ज दिला. बागायतदारांतर्फे म्हणून खाली माझी सही. तुझ्यासाठी करतोय असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगू? मला तुझ्यावर एकदा जिंकायचं होतं. शिक्का मारलेला कागद तुझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवून म्हणायचं होतं, बघ, वाचवलं की नाही तुझं बावखल?

मोजणीदार आला. साखळी पडली. बावखल पाचांपैकी कोणाच्याच सात-बाऱ्यावर बसेना. जे कोणाचंच नाही ते सरकारचं, हे कायद्यात सरळ लिहिलंय. मला ते पाठ होतं, आणि तरी ते त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. वकिली करून केस पांढरे केले आणि हे आलं नाही! यात कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी दावा साधला नाही. कारकुनानं तर मला चहा पाजला. अर्ज आला नसता तर कोणी तिकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. नोटीस लागली, की परवानगीशिवाय पाणी उपसू नये. परवानगी ज्यांना मिळाली त्यांचे टँकर लागले. दोन उन्हाळे उपसा झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ लागायला लागलं. इनासकाकांच्या पानवेली आधी गेल्या, मग तुझ्या केळीची पानं कडेनं करपायला लागली. तळ उघडा पडल्यावर कोणीतरी त्यात डबर आणून टाकायला सुरुवात केली.

मी तुझ्या पाया पडलो, की दावा लावू. स्टे आणू. ‘माझंच पाणी मी त्यांच्याकडे मागायला जाणार नाही,’ तू म्हणालास. मी ओरडलो, तुझ्या तत्त्वापायी चार घरं बुडतायत. हा आपला शेवटचा मोठा वाद, आणि त्यात मी ओरडत होतो! माझ्या तोंडाला ओरडायची लाज कशी वाटली नाही?

नोटिशीत ‘बागायतदारांच्या अर्जावरून’ असे शब्द होते. म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी. बाळू बाग विकून विरारला दुकान टाकायच्या गोष्टी करायचा, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर गेली. पाचही घरांनी मलाच सांगितलं, ‘वकील, तुम्ही कचेरीत जाऊन बघून या अर्ज कोणाचा.’ मी गेलो. बाहेरच्या बाकावर तासभर बसलो, आणि परत येऊन सांगितलं, ‘फाइल सापडत नाही म्हणतात.’ तू माझा शब्द क्षणभरही तपासला नाहीस.

बाळूशी लोकांनी बोलणं सोडलं. एकटा तू बोलायचास. तू म्हणालास, ‘शोधायचं नाही. ज्यानं केलं तो येईल आणि पायरीवर उभा राहील. रीत आहे आपली.’ आणि दुपारची घंटा झाली की तू जाऊन बसायला लागलास. पाणी नव्हतं, पाळी नव्हती, डबरातून वरच्या दोन-तीन पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या, त्यांच्यासमोर भर उन्हात डोक्यावर पंचा टाकून तू. लोक म्हणायला लागले, वामनदादांचं डोकं फिरलं. रविवारी मी असलो तर मीही तुझ्याबरोबर येऊन बसायचो. दहा मिनिटं, कधी पंधरा. मग तू म्हणायचास, ‘चल, आज नाही,’ आणि आपण परत यायचो.

बोलायचं होतं रे मला. दर वेळी ठरवून यायचो. फाटकापर्यंत वाक्य तयार असायचं. पण तुझ्या सिद्धांतात एक भोक होतं आणि ते मला आतून दिसत होतं. लाज माणसाला पायरीवर नेते म्हणालास, पण तीच लाज घट्ट धरूनही ठेवते. बाहेरच्या माणसासमोर मी केव्हाच उभा राहिलो असतो. तुझ्यासमोर पाय उचलत नव्हता. यावर तू काय म्हणाला असतास, मला खरंच ऐकायचं होतं. पण हा मुद्दा मांडायचा म्हणजे आधी ते सांगावं लागलं असतं.

दवाखान्यात तू तीन दिवस होतास. कागदावर सही मागितली तर नर्सला म्हणालास, ‘मी कुठंच सही करत नाही, या गृहस्थांना सवय आहे, यांची घ्या.’ मी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी डबा आणायला गेल्या आणि आपण दोघंच उरलो. ताप होता तुला, पण शुद्ध होती. तू माझ्याकडे वळलास आणि विचारलंस, ‘कोण असेल रे?’ बराच वेळ माझ्याकडे बघत होतास. मी म्हणालो, ‘जाऊ दे ना आता. पड शांत.’ आणि तुझ्या अंगावरची चादर सारखी केली. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

तुझ्या त्या बघण्यावर मी पुढचे पंधरा दिवस काढले. त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं मला विचारलं, मला एक संधी दिली, मनातून माफ केलं. आंघोळ करताना, कोर्टात, जेवताना, हेच. त्यावाचून मला घास गिळता आला नसता.

परवा मी वाडीत गेलो आणि पाचही घरांना निरोप दिला, की दुपारच्या घंटेला या. सगळे आले. वहिनीही आल्या. मी वरच्या पायरीवर उभा राहिलो. घंटा झाली आणि मी म्हणालो, ‘पाणी माझ्याकडून गेलं. अर्ज माझा होता. फाइलीचं खोटं बोललो.’ कारणं द्यायची नसतात, म्हणून दिली नाहीत.

बाळू आधी खाली बघत होता, मग म्हणाला, ‘दोन वर्षं माझ्या बायकोला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही.’ आवाज चढवला नाही त्यानं. मी म्हणालो, मला शिक्षा द्या. इनासकाका पुढं आले. म्हातारे झालेत आता, काठी लागते.

‘काय देऊ?’ ते म्हणाले. ‘तुझी पाळी जायला हवी. तुला पाळी नाही. आम्हालाही राहिली नाही. पानीच नाय, बाबा.’

आणि ते गेले. एकेक करून सगळेच गेले. मला वाटत होतं कोणी दगड मारेल. तुझ्या रीतीत मला शिक्षा होती, पण ती द्यायला लागणारं पाणी मीच घालवलं. माझ्या कायद्यात तर शोधूनही कलम सापडत नाही. हक्काची नोंद मागणारा अर्ज करणं हा गुन्हा नाही. तू असतास तर या पेचावर पोट धरून हसला असतास, आणि मग उठून आत निघून गेला असतास.

वहिनी तेवढ्या थांबल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

‘त्यांना ठाऊक होतं, असं मी म्हणावं म्हणून बघताय ना माझ्याकडे, भावोजी?’ त्या म्हणाल्या. ‘नव्हतं ठाऊक. कोण असेल, कोण असेल, हे ते त्या तीन दिवसांत सगळ्यांना विचारत होते. नर्सलासुद्धा विचारलं. शेवटी मला म्हणाले, मी गेलो तरी दुपारचं कोणीतरी तिथं बसत जा, तो आला आणि कोणीच नसलं असं नको व्हायला.’

मग त्या घराकडे वळल्या. मला ‘चला’ म्हणाल्या नाहीत, पहिल्यांदाच.

वामन्या, इतकी वर्षं आपण भांडलो ते माणसाच्या बाजूनं तू आणि विरुद्ध मी. हा वाद मला असा जिंकायचा नव्हता रे. तू ज्याची वाट बघत होतास, तो दर रविवारी तुझ्या शेजारीच येऊन बसत होता.